उंचवटा क्रमांक एक

८ ऑक्टोबर १९७६

जीप दिसली तसे गावातले सगळे बाप्ये उसात पळाले. जेवत होते ते ताटावरून उठून पळाले. रामकिसन गुरुजी फळ्यावर अर्धं वाक्य सोडून गेले. पोरांना म्हणाले, "आलोच." शाळा सुटेपर्यंत आले नाहीत!

जीप तीच. दारावर लाल त्रिकोण, टपावर भोंगा. गेल्या महिन्यात हिनंच बाजारातून माणसं उचलली आणि नसबंदी करून संध्याकाळी पारावर आणून सोडली. पण आज जो उतरला तो डॉक्टर वाटेना. डोक्यावर साहेबी टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि हातात लांब काठीला लावलेली मच्छरदाणीची पिशवी. माझी जाऊ कांता दारात उभी होती.

"अगं माय! आता जाळी टाकून धरून राह्यले का बाप्यांला?"

दीड वर्षात एवढी हसले नव्हते. हसून झाल्यावर घर एकदम मोठं वाटलं. आत जाऊन भाकरी थापल्या. दोन माणसांच्या थापल्या. हाताला अजून कळत नाही.

९ ऑक्टोबर

जाळीवाले साहेब माणसांसाठी आलेच नव्हते — फुलपाखरांसाठी! डॉ. श्रीपती बोरगावकर. औरंगाबादेत कॉलेजात किडे शिकवतात. सरकारकडं दुसरी जीप नव्हती म्हणून नसबंदीची दिली. लोक एक-एक करून उसातून बाहेर आले. तातेरावाला विंचू चावला होता, तरी खुशीत होता. म्हणाला, "थोडक्यात भागलं."

१० ऑक्टोबर

कचरू भोयानं साहेबांना बेटावर नेलं. गूळ करायची जुनी काहील — तीच कचरूची नाव. काहील पाण्यात सरळ जात नाही, गोल फिरत जाते. साहेब दुर्बीण छातीशी धरून चारी दिशा बघत पलीकडं पोचले.

संध्याकाळी कचरू ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "वैनी, सायब वाळूत पालथेच पडले. मला वाटलं भोवळ आली. उठवाया गेल्तो तर म्हनले, हलू नको! आन डोळ्यातून पानी."

"कशापायी?"

"फुलपाखरू. चवलीएवढं. निळं, काठ करडा, मागच्या पखावर दोन नारिंगी टिकल्या. म्हनले, अख्ख्या जगात ह्या बेटाबिगर कुठंच न्हाई."

"बेटावर कुठं दिसलं?"

कचरूनं तपकिरीची डबी उघडली, बंद केली. म्हणाला, "आता काय सांगू वैनी. दादाच्या मातीवर. दाट बसल्ती. शंभर असतील."

१४ ऑक्टोबर

आज दीक्षेला वीस वर्षं झाली. आम्हाला नागपूरला जाणं जमलं नाही. आमच्या वस्तीनं नंतर घेतली, इथंच गोदेच्या वाळवंटात. मी तेव्हा नवी सून होते. त्याच वर्षी पुंजारामांनी अंकलिपी आणली — स्वतःसाठी. ते 'ज्ञ'पर्यंत कधी पोचले नाहीत. मी पोचले. पुढचं सगळं दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. साखर संपली की पुडी सरळ करून वाचायची. त्यामुळं मला कुठलीच गोष्ट पहिल्यापासून माहीत नाही आणि कुठल्याच गोष्टीचा शेवट माहीत नाही. मधलं मात्र पुष्कळ माहीत आहे.

ते असताना तोंडानं कधी नाव घेतलं नाही. वहीत घेते. पुंजाराम, पुंजाराम. बस.

गेल्याच्या गेल्या चैत्रात गेले. काविळीनं. आमची टरबुजाची वाडी बेटावर असायची, तिथल्या खोपीतच गेले. गावात आणून माती द्यायची, तर आमच्या लोकांच्या मसणवट्यात भुजंगराव पाटलांची कपाशी उभी होती. बांध दरसाल हातभर सरकत आला आणि एके वर्षी मसणवटाच राहिला नाही. भांडायला वेळ नव्हता, उन्हाळ्याचे दिवस. माझा दीर संपत म्हणाला, "बेटावरच देऊ. तिथला सातबारा कुनाच्याच नावावर न्हाई." बेटाच्या उंच भागावर, जिथं पुराचं पाणी चढत नाही, तिथं माती दिली.

सासूबाई तेव्हा मिठासाठी अडून बसल्या. जुन्या लोकांची रीत — खड्ड्यात मीठ घालायचं. संपत म्हणाला, "माय, आपण बौद्ध झालो. आता असले चाळे न्हाईत करायचे."

"मंग कोल्ह्याला जाऊन सांग, तू बौद्ध झालास म्हणून!"

अख्खं पोतं घातलं. सासूबाई आता लेकीकडं घनसावंगीला असतात. डोळ्यानं दिसत नाही, पण जेवणात मीठ कमी पडलं तर अजून आरडाओरडा करतात म्हणे.

२२ ऑक्टोबर

साहेबांचं पोस्टकार्ड. दिवाळीत नदीकडं तोंड करून बाण सोडू नयेत, फुलपाखरं बिचकतात. रामकिसन गुरुजींनी चावडीवर मोठ्यानं वाचलं. त्यानंतर पोरांनी बाण सोडले ते सगळे नदीकडं तोंड करूनच सोडले. त्याआधी कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

३ नोव्हेंबर

चावडीवर सभा झाली. 'बेट फुलपाखरू संरक्षण समिती'. अध्यक्ष भुजंगराव पाटील. गावात समिती कसलीही असो, अध्यक्ष तेच असतात. कुटुंबनियोजनाचेही तेच आहेत. त्यांना सहा लेकरं.

साहेबांनी समजावून सांगितलं. मूळ जात सगळीकडं असते, ही तिची पोटजात आहे. हजारो वर्षं बेटावर अडकून राहिली, बाकीच्यांत मिसळली नाही, म्हणून वेगळी झाली. "आणि वेगळी राहिली म्हणूनच अनमोल आहे!" असं म्हणून त्यांनी टेबलावर हात मारला.

मी बायकांत मागं बसले होते. मनात म्हटलं, आम्हालाही गावानं पिढ्यान्‌पिढ्या वेगळंच ठेवलं होतं. कुणी टेबलावर हात मारून अनमोल म्हटलेलं आठवत नाही.

पोटजातीला तिसरं नाव लागतं. माणसाला दोन पुरतात. साहेब आठ दिवस पाटलांच्या घरी जेवले होते, म्हणून तिसरं नाव भुजंगरावांवरून ठेवलं. टाळ्या झाल्या. एवढंसं फुलपाखरू, आणि नाव सापाचं!

मग ठराव. बेटाला काटेरी तार, तिथं कुणी जायचं नाही. मी उठले. सांगितलं, तिथं माझ्या मालकांची माती आहे.

साहेबांचा चेहरा पडला. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "बाई, तुमच्या भावना समजतात. पण तो उंचवटा म्हणजे त्यांचं जगातलं एकमेव वसतिस्थान आहे."

मी म्हटलं, "माझंही तेच आहे."

भुजंगराव म्हणाले, "गिरजाबाई, खाली बसा." एरवी 'गिरजे' म्हणतात. साहेब समोर असले की 'बाई' लागतं.

९ नोव्हेंबर

तार ठोकली. पाटी लावली. पाटीवर बेटाचा नकाशा आहे, त्यावर आकडे घातलेत. पुंजारामांच्या जागेला 'उंचवटा क्रमांक एक' लिहिलंय. दोन आणि तीन कुठंच नाहीत.

मातीभोवती मी गोटे रचून चुना लावला होता. चुना अनैसर्गिक म्हणून गोटे काढून टाकले. उमेदीत असताना ह्या माणसाला कधी कुठल्या यादीत पहिला नंबर मिळाला नाही.

१५ नोव्हेंबर

धनगरवाड्यातल्या कडूबाला बेटावर चौकीदार नेमलं. शिट्टी मिळाली. टोपी यायची आहे. टोपी येईपर्यंत कुणाला अडवायचं नाही असं त्यानं स्वतःच ठरवलंय.

२२ नोव्हेंबर

टोपी आली.

६ डिसेंबर

आज मेणबत्ती लावायची होती. वस्तीत बाबासाहेबांच्या फोटोपुढं लावली, तशी एक तिकडं लावावी वाटली. कचरूला म्हटलं, काहील काढ.

कडूबा तारेपाशी उभा. मला बघून आधी टोपी घातली, मग शिट्टी वाजवली, मग म्हणाला, "वैनी, कशाला आल्या वो? मला लई अवघड होतं."

"कडूबा, पुंजारामांच्या वाडीतली किती टरबुजं चोरलीस तू?"

"ते जुनं झालं."

"मग तेव्हा तार नव्हती म्हणून बोलले नाही. आता तारेतून येऊ दे."

त्यानं तार वर उचलून धरली. पण मेणबत्ती नको म्हणाला — पंख जळतील, साहेबांनी लिहून दिलंय. मी न लावलेली मेणबत्ती मातीत रोवून आले. भाकरी-ठेचा नेला होता तो कडूबाच्या हातात दिला. शिट्टी खिशात टाकून जेवायला बसला.

मी पुंजारामांना बाजारभाव सांगितले. कापूस काय, ज्वारी काय. फुलपाखरं पायापाशी बसली होती. उडाली नाहीत. खरं लिहायचं तर सुंदर आहेत मेली.

१८ डिसेंबर

आमच्या वस्तीचा हातपंप पोळ्यापासून बंद आहे. अर्ज देऊन देऊन थकलो. आज बेटावर डिझेलचा पंप उतरवला! उंचवटा क्रमांक एक सतत ओला राहावा असा समितीचा ठराव आहे. कडूबानं रोज पाणी मारायचं. काहिलीत पंप, पंपावर कडूबा, आणि सगळं गोल गोल फिरत गेलं.

आम्ही बायका काठावर हंडे घेऊन बघत होतो. कांता म्हणाली, "पुढल्या जन्मी फुलपाखरूच व्हावं गं."

मी म्हटलं, "आपण पुढला जन्म मानत नाही."

"म्हनून तर हंडा उचलावा लागून राह्यला."

३१ डिसेंबर

पारामागच्या भिंतीवर आधीपासून 'दोन किंवा तीन पुरेत' लिहिलेलं आहे. आज पेंटर आला आणि शेजारी 'त्यांना वाढू द्या' असं लिहून गेला. खाली फुलपाखरू काढलंय. ते जिलेबीसारखं दिसतं. आता दोन्ही एकत्र वाचली की काय करायचं ते कळत नाही. तातेराव म्हणतो, "पंख असले तं वाढा, नसले तं थांबा, असं हाय ते."

१२ जानेवारी १९७७

कडूबा काळजीत आहे. फुलपाखरं कमी झालीत. रोज पाणी मारतो तरी कमी! आज दिवसभरात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. साहेबांना कळवलं तर उत्तर आलं, पाणी वाढवा.

१९ जानेवारी

निवडणूक लागली. रेडिओवर कालच सांगितलं. आज जीप आली तर दारावरचा लाल त्रिकोण पांढऱ्या रंगानं पुसलेला. खालून थोडा दिसतोच. बाप्ये सवयीनं उसाच्या दिशेनं निघाले होते, अर्ध्या वाटेतून परत फिरले.

३ फेब्रुवारी

आज भुजंगराव नदीकाठी एका ठेकेदाराबरोबर उभे होते. मी धुणं धूत होते. त्यांना आमच्या लोकांसमोर हळू बोलायची गरज कधी वाटलेली नाही.

ठेकेदार म्हणाला, "वाळू एक नंबर आहे. शहागडहून ट्रका आणू. सगळं बेट खाली बसवतो बघा."

भुजंगराव म्हणाले, "जरा दम धरा. मुंबईचे सायब मार्चात पाहणीला येऊन राह्यले. फुलपाखरू दिसलं न्हाई की समिती बरखास्त. मंग बेट मोकळं."

"आणि दिसलं तर?"

"कशाचं दिसतंय! कडूबाच सांगून राह्यला, समदी मेली."

आणि हे त्या फुलपाखराचे अध्यक्ष! वर त्याचं नावही ह्यांचंच.

धुणं तसंच पिळलं, घरी आले. वाळू काढतील म्हणजे खालपर्यंत काढतील. वाळूबरोबर काय काय वर येईल ते ह्यांना ठाऊक नाही असं नाही. तार नको होती मला. पाटी नको होती. आता तीच राहो म्हणून जीव टांगलाय.

७ फेब्रुवारी

दुपारपासून हसावं की रडावं कळत नाही.

दुकानातून शेव आणली. शेव संपली, पुडी सरळ केली. तर ती बोरगावकर साहेबांची पुस्तिका! छापून समितीच्या प्रत्येकाला दिली होती. पाटलांच्या घरून सगळी रद्दी दुकानात गेली. दोन पानं कडेला अजून चिकटलेलीच होती, कुणी उघडलीच नसणार. माझ्या वाट्याला नेहमीसारखी मधली पानं आली.

तेलाच्या डागातून वाचलं. लिहिलंय — ही फुलपाखरं ओल्या मातीवर झुंडीनं बसतात ती मातीतले क्षार शोषायला. जिथं क्षार वर येतात तिथं ती लांबून येतात. ती राहतात कुठं, अंडी कुठं घालतात, हे अजून सापडलेलं नाही.

'क्षार' माहीत होतं. खताच्या गोणीवर वाचलं होतं. क्षार म्हणजे मीठ!

सासूबाईंचं पोतं.

हजारो वर्षांची पोटजात नाही की काही नाही. पुंजारामांना घातलेलं मीठ हळूहळू वर येत होतं आणि त्यावर जमत होती ती. आणि समितीनं पंप लावून, रोज पाणी मारून, ते सगळं मीठ धुऊन खाली घालवलं. संरक्षण केलं!

कांताला सांगितलं. तिनं पुडी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "म्हंजी भावजींमुळं जीप आली, तार आली, पंप आला? जित्तेपणी तं साधी विहीर मंजूर झाली न्हाई त्यांला!"

९ फेब्रुवारी

खड्याचं मीठ घेतलं. दुकानदार म्हणाला, "लोणचं आत्ताच?" मी म्हटलं, "हो, कैऱ्यांच्या आधी."

कचरूला आणि कडूबाला सांगावंच लागलं. कचरूला एवढंच विचारायचं होतं की मीठ भिजलं तर काहील गंजेल का. कडूबा मात्र घाबरला.

"वैनी, ह्यो गुन्हा तं न्हाई ना? सरकारी उंचवट्यावर मीठ टाकनं?"

"मीठ टाकणं गुन्हा असता तर आमच्या सासूबाई आधी आत गेल्या असत्या."

"आन माझी टोपी?"

"फुलपाखरू गेलं तर टोपी कुणावर घालशील?"

हे पटलं त्याला. पंप बंद ठेवायचं कबूल केलं. डिझेल त्यानं आधीच विकलं होतं, त्यामुळं जड गेलं नाही.

मी घागरीत मीठ कालवलं आणि हातानं सगळ्या मातीवर शिंपडलं. लग्नात हळद उतरताना शिंपडतात तसं. माती दिली त्या दिवशी मीठ पोत्यातून ओतणारे दुसरे लोक होते. मला जवळ येऊ दिलं नव्हतं, बायकांना मागं धरून ठेवलं होतं. आज माझ्या हातानं घातलं.

म्हटलं, राग मानू नका. आणखी थोडं लागेल.

१२ फेब्रुवारी

आली.

कडूबा पळत काठावर आला. पलीकडूनच शिट्टी वाजवायला लागला. सगळ्या गावाला वाटलं कुणी बुडालं!

७ मार्च

काल पाहणी झाली. सगळं लिहून ठेवते.

मुंबईचे साहेब, बोरगावकर साहेब, भुजंगराव, आणि 'पाव्हणे' म्हणून तो वाळूचा ठेकेदार — चौघे एका काहिलीत. मी कडूबासाठी जेवण नेण्याच्या निमित्तानं आधीच पोचले होते. कचरूनं नंतर सांगितलं, वाटेतच ठेकेदार काठीनं पाण्याची खोली मोजत होता. मुंबईच्या साहेबांनी विचारलं, "आपणही कीटकप्रेमी का?" तो म्हणाला, "हो, लहानपणापासून."

भुजंगराव तारेपाशी येईपर्यंत बोलतच होते. फार वाईट झालं, आम्ही लई जतन केलं, पण निसर्गापुढं इलाज नाही, आता समिती जड मनानं बंद करावी लागणार... आणि कडूबानं फाटक उघडलं.

माती दिसतच नव्हती. निळी होती सगळी. बोरगावकर साहेबांनी पाऊल टाकलं तशी एकदम उठली, माणसाच्या कमरेएवढी वर आली, आणि पुन्हा हळूहळू तिथंच बसली. झोपलेल्या माणसावर पांघरूण नीट करावं तशी.

साहेब पुन्हा पालथे पडले. मुंबईच्या साहेबांनी फोटो काढले. म्हणाले, काटेरी तार आणि पंपाचा हा विजय आहे! मग फुलपाखराला ज्यांचं नाव दिलंय त्यांचाही फोटो पाहिजे म्हणाले. भुजंगरावांना उंचवट्यामागं उभं केलं. "हसा, अध्यक्ष!" भुजंगराव हसले. दाढ काढल्यावर माणूस आरसा बघून हसतो तसं.

हुकूम तिथंच झाला. दहा वर्षं बेट राखीव. वाळूचा एक कण हलवायचा नाही. उंचवटा क्रमांक एकला धक्का लागता कामा नये.

मग बोरगावकर साहेबांनी माती बोटाला लावली. जिभेवर ठेवली.

"इथं क्षार फार आहेत," म्हणाले. बाकीचे पुढं गेल्यावर माझ्याजवळ आले. "बाई, खरं सांगा. तुम्ही इथं येता. काही टाकता का?"

मी त्यांच्याकडं बघून म्हटलं, "मालकांपाशी येऊन बसते, साहेब. तेव्हा डोळ्यातून जे पडेल ते पडतं."

साहेबांनी मान खाली घातली. टोपी काढली. काडेपेटीतल्या काड्या काढून चिमूटभर माती त्यात भरली, पण पुढं एक शब्द विचारला नाही.

एवढं मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नाही. तिथं मी कधी रडत नाही. तिथं मी बाजारभाव सांगते. रडायला घर आहे.

आणि ती चिमूट औरंगाबादला गेली. पुंजारामांना औरंगाबाद बघायचं होतं.

८ मार्च

कांता म्हणते, मसणवटा मागितला तर कपाशी लावली, आता बघ — तार, चौकीदार, मुंबईचा हुकूम. "पाटलाच्या बापाला तरी हाय का येवढा बंदोबस्त?"

खरं आहे. पण साहेबांच्या मानेकडं बघितलेलं सारखं आठवतं. उद्या कुणी हे फुलपाखरू दुसरीकडं दाखवलं तर त्यांची अब्रू जाईल, आणि आमचं बेट जाईल. पुस्तिकेत लिहिलंय — जगात दुसरीकडं कुठंच नाही. तेवढं एक वाक्य खरं असू दे.

२३ मार्च

सरकार पडलं. भुजंगरावांनी टोपी बदलली. कडूबानं तीच ठेवली. मला विचारत होता, "वैनी, आपलं फुलपाखरू कोनत्या पक्षात गेलं?"

१२ एप्रिल

परवा जयंती, म्हणून शहागडच्या बाजारातून मेणबत्त्या, निळे कागद आणि मीठ आणलं. येताना जवळच्या वाटेनं निघाले. महामार्गाकडची पडकी भिंत आहे ना, जिथं ट्रकवाले आडोशाला जातात, त्या भिंतीमागून. नाकाला पदर लावून. भिंतीच्या बुडाशी जमीन निळी दिसली. चवलीएवढी, काठ करडा, दोन नारिंगी टिकल्या. हजार तरी असतील. इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. नाकाचा पदर सोडला आणि त्यानंच हाकलली — जावा, नदीकडं जावा, इथं काय ठेवलंय. तिथं माझा माणूस एकटा आहे.